बाराव्या अर्जाचं गाऱ्हाणं

बी.ए. झाल्यावर पावणेदोन वर्षांत मी नोकरीसाठी अकरा अर्ज केले आणि एकाचंही उत्तर आलं नाही. नुसता नकार आला असता तरी पोस्टमनला आमच्या घरापर्यंतचा चढ चढावा लागला असता, तेवढंच समाधान. आमचं घर मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारापासून तासभर चालीवर, डोंगराच्या अंगाला. थोडी भातशेती, थोडी काजूची झाडं, दोन बैल, आई, वडील आणि मी. थोरली बहीण लग्न होऊन शिरोड्याला गेली होती आणि तिथून आम्हाला सुकी मासळी आणि सल्ले पाठवत असे. सल्ले फुकट असल्यामुळे जास्त यायचे.

अर्ज मी पुस्तकातून करायचे. मालवणच्या एका वह्यापुस्तकांच्या दुकानात मिळालेलं, इंग्रजी पत्रलेखनाचं पुस्तक होतं ते. त्यात दोनशे नमुने होते. छप्पर गळतं म्हणून घरमालकाला, बक्षीस मिळालं म्हणून मित्राला, डब्यात छत्री विसरली म्हणून रेल्वेला. आमच्याकडे रेल्वे नव्हती, छत्र्या होत्या. मला लागायचा तो फक्त कारकुनाच्या जागेसाठी करायच्या अर्जाचा नमुना. त्यातला अर्जदार कष्टाळू होता, प्रामाणिक होता, आणि वरिष्ठांचं संपूर्ण समाधान करीन अशी हमी देत होता. मी अकरा वेळा तशी हमी दिली. घरात माझ्यामुळे कुणाचं अर्धं समाधानही झाल्याचं मला आठवत नाही, पण पुस्तकात तसा नमुना नव्हता.

वडिलांचा कागदांशी संबंध फारसा नव्हता. ते मराठी चौथी शिकलेले. त्यांचा संबंध देवाशी होता, कारण गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याकडे आहे. कुणाला काही मागायचं असलं की तो माणूस नारळ घेऊन येतो, आणि वडील देवासमोर उभे राहून त्याचं म्हणणं खड्या आवाजात मांडतात. जमलेले लोक वाक्यावाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. म्हैस गाभण राहत नाही, मुलाला स्थळ येत नाही, भावाने बांध सरकवला, असं काहीही. वडिलांच्या गाऱ्हाण्याला हमखास यश येतं असा गावाचा समज होता. ज्यांना आलं नाही ते बहुतेक मुंबईला निघून गेले होते, त्यामुळे तक्रार करायला मागे कुणी उरलं नव्हतं.

बारावी जाहिरात मला कट्ट्याच्या बाजारातल्या शिंप्याच्या दुकानात सापडली. तो वर्तमानपत्र घ्यायचा आणि गिऱ्हाईकं ते वाचायची. एका खत कंपनीच्या कोल्हापूरच्या कचेरीत टंकलेखन येणारी कारकून हवी होती. अर्ज इंग्रजीत, आठ दिवसांच्या आत. मी मजकूर हातावर लिहून घेतला आणि घरी आले. भात झोडून झालं होतं. वडील खळ्यात बसून चुडतं विणत होते. चुडत म्हणजे नारळाची झावळी. विणलेल्या झावळ्यांचा मांडव घातला की खळ्यात सावली होते. मी पुस्तक, कागद आणि पाट घेऊन ओटीवर बसले.

आतापर्यंत त्यांनी माझ्या अर्जांत कधी लक्ष घातलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी हा कितवा, असं विचारलं. मी सांगितलं. ते विणता विणताच म्हणाले, “अकरा येळा सांगून देव आयकणा नाय, तर गाऱ्हाण्यातच खोट आसा. वाच बघू काय लिवतंस ता.”

मी नमुना वाचला आणि मराठीत सांगितला. सुरुवातीलाच ‘आय बेग’ असं होतं. बेग म्हणजे काय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भीक मागतो. त्यांनी विणणं थांबवलं. गाऱ्हाणं म्हणजे भीक नव्हे, हे मला त्यांच्याकडून बरंच ऐकावं लागलं. भिकाऱ्याला आपण कोण, कुठले, हे सांगावं लागत नाही. गाऱ्हाणं घालणाऱ्याने आधी घर सांगायचं, मग अडचण, आणि मग ताठ उभं राहून मागायचं. आणि हे कष्टाळू, प्रामाणिक काय आहे? असं स्वतःचं स्वतः कोण सांगतं? देवळात एखादा असं म्हणाला तर मागचे लोक हसतील.

मी म्हटलं, हे देऊळ नाही, खत कंपनी आहे. ते म्हणाले, मागणारा तोच ना? मग पद्धतही तीच. मी सांगतो, तू इंग्रजी कर, पण आहे तसं कर.

माझा स्वभाव तापट आहे. आजही आहे, तेव्हा जास्त होता. पण अकरा अर्ज वाया गेलेल्या माणसाला तापण्याचा अधिकार राहत नाही, म्हणून मी पेन उघडलं.

पहिल्या अडचणीतच अर्धा तास गेला. गाऱ्हाण्यात देवांना हाक मारायचा क्रम ठरलेला असतो आणि एकही नाव राहून चालत नाही. सुरुवात वेशीवरच्या देवापासून होते, कारण गावात शिरू देणारा तो. तर कचेरीच्या दारावर कोण असतो, असं त्यांनी विचारलं. राखणदार असणार, मी म्हटलं. मग आधी त्याला हाक घाल. मग कागद आत नेणारा शिपाई. मग ज्याच्या टेबलावर कागद पडतात तो. साहेब सगळ्यांत शेवटी, गाभाऱ्यातला. मी ‘डिअर सर’ एवढं लिहिलं आणि झालं म्हणून सांगितलं. सगळ्यांना घेतलंस ना, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, इंग्रजीत एका शब्दात सगळे येतात. इंग्रजांबद्दल त्यांचं मत जरा वर गेलेलं दिसलं.

मग घर. कुठल्या गावची, कुणाची मुलगी, आजोबा कोण, आणि आम्ही ह्याच कंपनीचं खत घेतो हेही सांग. गेल्या साली ते लावणी उरकल्यावर आलं, हे पण जाता जाता लिही. साहेबाला कळायला हवं की अर्ज करणारी माणसं ओळखीची आहेत.

मग खोडी. ह्या शब्दावर मी पेन खाली ठेवलं. नोकरीच्या अर्जात स्वतःच्या खोडी कोण लिहितं? वडिलांनी मान वर न करता सांगितलं, “बैल इकताना खोड आधी सांगूची. मागसून कळली तर बैल परत येता.” आणि त्यांनी माझ्या खोडी सांगायला घेतल्या. बारावीला इंग्रजीत एकदा नापास. सकाळी उठवावं लागतं. कामाला वाघ, पण जीभ तिखट, आणि चूक दाखवली की तोंड फिरवून बसते. ही यादी सांगताना ते एकदाही अडखळले नाहीत. आतून आई म्हणाली, भाकरी करपवते ते राहिलं. ते म्हणाले, कंपनीत भाकऱ्या नसतात. मी पुस्तकातलं वाक्य उतरून घेतलं, की अर्जदाराला इंग्रजीची उत्तम जाण आहे.

इथपर्यंत मला मनातून हसू येत होतं. ते सांगत होते एक, मी लिहीत होते दुसरं, आणि दोघांचं काम नीट चाललं होतं. मग त्यांचा आवाज बदलला. गाऱ्हाण्याच्या शेवटाकडे तो बदलतो, जरा खाली येतो. मी देवळात शेकडो वेळा ऐकलेला. माझ्या बाबतीत तो कधी लागलेला नव्हता.

“आता ह्या चेडवाक तुझ्याकडे धाडतंय म्हाराजा,” ते म्हणाले; चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. “थोरला चेडू गेला शिरोड्याक. ह्या गेला की घरात आमी दोघांच. हेच्या आयेची ढोपरां धरली आसत, बावडेर पाण्याक जाणा जमणा नाय. सांजचा ह्या घरात बडबडता, तेवडोच काय तो आवाज.”

मी उठले आणि दूध उतू जातंय असं म्हणून आत गेले. दूध उतू जात नव्हतं. चुलीवर दूध नव्हतंच. आई माझ्याकडे बघत होती आणि मी रिकाम्या चुलीकडे. बाहेर वडिलांचं बोलणं चालू होतं, ते मी ऐकलं नाही. ह्या माणसाने मला उभ्या जन्मात ‘तुझ्यावाचून करमत नाही’ असं म्हटलं नव्हतं, आणि सांगायला सापडला तो कोण, तर खत कंपनीचा साहेब. मला रागही आला आणि रडूही येत होतं. दोन्ही एकदम आलं की माझं नाक गळतं.

बाहेर आले तेव्हा त्यांचं सांगून संपलं होतं आणि नवं चुडत हातात होतं. वाच, ते म्हणाले. माझ्यासमोर पुस्तकातला नमुना जसाच्या तसा उतरवलेला होता, फक्त नाव-गाव माझं. मी तो कागद डोळ्यांसमोर धरला आणि त्यांचं गाऱ्हाणं पाठ म्हटलं. राखणदारापासून खतापर्यंत, नापास झाल्यापासून तिखट जिभेपर्यंत. गाऱ्हाणं घालणाऱ्याची मुलगी आहे मी, तेवढं मला येतं. ‘घरात आमी दोघांच’ इथे आल्यावर ढोपरांचं आणि बडबडीचं घाईघाईने म्हणून टाकलं. पुढे काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. मग सगळी गाऱ्हाणी संपतात तसं, काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घे, असं म्हणून मीही संपवलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बरं वाचलंस म्हणाले, आणि विणू लागले. दुसऱ्या दिवशी मी मालवणला टायपिंगच्या क्लासात जाऊन अर्ज टाइप केला आणि तिथल्याच पोस्टात टाकला. एक पान भरलं.

तीन आठवड्यांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. पुस्तकाचा नमुना बाराव्या खेपेला एकदाचा लागू पडला होता. वडिलांना मात्र यात नवल वाटलं नाही. आई म्हणाली, गाऱ्हाणं बसलं. मी व्हय म्हटलं. खोटं बोलून मिळालेलं यश फार सोयीचं असतं, कारण ते दुसऱ्याला देऊन टाकता येतं.

आम्ही पहाटेच्या एस.टी.ने निघालो. फोंडा घाट चढताना वडिलांनी डोळे मिटून घेतले, भीतीने की भक्तीने ते कळलं नाही. कोल्हापूरला कचेरीच्या दारावर खरोखरच राखणदार होता. वडिलांनी पिशवीतून एक नारळ काढून त्याच्या हातात दिला आणि ओळखदेख नसताना त्याच्याशेजारी बाकावर बसले. तो कणकवलीकडचा निघाला. निघणारच, कोकणातला माणूस राखणीला कुठेही असतो. मी एकटीच वर गेले.

वर तीन जण होते. एकाने, कोल्हापूरला का यायचंय, असं विचारलं. मी पुस्तकातलं उत्तर दिलं. दुसऱ्याने एक पत्र टाइप करायला दिलं, मी ते केलं. तिसरा पूर्ण वेळ कपाट उघडायचा प्रयत्न करत होता. अर्जातल्या शब्दांबद्दल कुणी काही विचारलं नाही. माझा अर्ज त्यांच्यासमोर इतर अर्जांच्या गठ्ठ्यात होता आणि वरवर पाहता सगळ्यांची पहिली ओळ एकच होती. त्या सगळ्यांनी ते पुस्तक घेतलेलं असणार. पंधरा मिनिटांत मी खाली आले.

खाली वडील नव्हते. राखणदार म्हणाला, येतीलच. ते तासाभराने आले, पायांवर धूळ घेऊन. कुठे गेला होता विचारलं तर म्हणाले, जरा फिरलो. परतीच्या गाडीत मात्र एकेक बाहेर आलं. राखणदाराच्या ओळखीच्या एक विधवा बाई मुलींना खोली देत होत्या. वडील खोली बघून आले होते. खिडकी पूर्वेला आहे. विहीर अंगणातच आहे, पाण्याला चव बरी. बाई कडक आहे, तुला उठवील. मी म्हटलं, नोकरी अजून मिळालेली नाही. ते म्हणाले, खोली बघायला काय लागतं?

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा मी एकटीच खळ्यात होते. एक तारखेला सकाळी दहाला हजर व्हावं, असं त्यात होतं. मी ते ट्रंकेत, साड्यांच्या खाली ठेवलं आणि कुणाला सांगितलं नाही. पोस्टमनने सांगितलं. संध्याकाळपर्यंत कट्ट्यावरच्या शिंप्यापासून गुरवापर्यंत सगळ्यांना माहीत होतं की मला कोल्हापूरची नोकरी लागली. फक्त आमच्या घरात कुणाला काही माहीत नव्हतं. आई जेवायला वाढायची, वडील जेवायचे, मी जेवायचे. असे पाच दिवस गेले.

त्या पाच दिवसांत मी नोकरी घ्यायची नाही असं ठरवून टाकलं. रोज सकाळी विहिरीवर गेले की राटावर हात ठेवताच मला वडिलांचं ते ढोपरांचं वाक्य ऐकू यायचं. आई ओटीच्या दोन पायऱ्या उतरताना हाताने भिंत धरायची, ते मला आधी कधी दिसलं नव्हतं, आता सारखं दिसायचं. वडिलांनी सांगितलं होतं ते खरंच होतं. असं सांगितल्यावर कुठली मुलगी जाईल? आणि मला जायचं होतं. ते किती जायचं होतं, हे मला ट्रंक उघडून पत्र पुन्हा पुन्हा वाचताना कळत होतं. गावात राहून दुसऱ्याच्या म्हशीची चौकशी करत म्हातारी व्हायची माझी तयारी नव्हती.

सहाव्या दिवशी दुपारी वडील मांडवाच्या काठ्या बांधत होते. मी खालून सुंभ देत होते. त्यांनी वरूनच विचारलं, कधी जायचं आहे? मी म्हटलं, जाणार नाही. का? मी म्हटलं, तुम्हीच सांगितलंत ना, घरात दोघंच राहणार म्हणून. ते म्हणाले, मी साहेबाला सांगितलं.

मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, साहेबाला त्यातलं एक अक्षर गेलेलं नाही. मी पुस्तकातून उतरवलं होतं. तुमच्यापुढे वाचलं ते नुसतं तोंडाने. तुमचं गाऱ्हाणं कुणी वाचलंच नाही, राखणदारानेसुद्धा नाही.

मला वाटलं, ते चिडतील. गाऱ्हाणं चुकवणं ही आमच्याकडे लहान गोष्ट नाही. ते मांडवावरून खाली उतरले, हात झटकले आणि ओटीच्या कडेवर बसले.

“माका ठावक आसा,” ते म्हणाले. “तू वाचलंस तेवाच कळला. माझा अर्धा गाऱ्हाणा तुझ्या कागदात नाय होता. तू आत गेलंस, थंयच तुझा वाचणा संपला.”

आई दारात येऊन उभी होती, भिंत धरून. मी विचारलं, पुढे काय होतं? देवाला सांगायचं सोपं असतं, तो समोर बसून नाक पुसत नाही. मी पुसत होते. शेवटी त्यांनी माझ्याकडे न बघता, पण देवळात म्हणतात त्याच आवाजात म्हटलं.

“आमी दोघांच रवतलंव. आमचा काय ता आमी बघून घेतलंव. आमच्यासाटी ह्या चेडवाक ठेवन घेव नको म्हाराजा, जाव दी.” मग आवाज नेहमीचा झाला. “असा होता. सायबाक तर ता पोचूक नाय. आता तू तरी आयक.”

एक तारखेला सकाळी पावणेदहाला मी कोल्हापूरच्या कचेरीत हजर झाले.